लखोट्यातल्या चाव्या

वही गच्चीवर उन्हात वाळत घातली होती. शेजारी बिलबुकं, पावत्या, एक जाड खतावणी, आणि वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर तराजूचं एकेक माप. २०१९ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. सांगलीतला पूर ओसरून दहा-बारा दिवस झाले होते, तरी गणपती पेठेत शिरलं की गाळाचा वास यायचा. त्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. शेठच्या दुकानात ते कुठवर चढलं होतं हे भिंतीवरच्या ओल्या रेषेवरून दिसत होतं. माझ्या खांद्याच्याही वर.

शेठ बेदाण्याचे व्यापारी. माल तासगाव भागातला, गिऱ्हाईक पार इंदूर-नागपूरपर्यंत. दिवाळीआधीचे दोन महिने म्हणजे त्यांच्या धंद्याचा जीव. बाहेरगावचे दुकानदार त्यांच्या वेबसाइटवर प्रतवारी आणि भाव बघून फोन करायचे, आणि ती वेबसाइट महिनाभर उघडत नव्हती.

“पाण्यामुळं बंद पडली असंल म्हणून आम्ही गप बसलो. वीज नाही, नेट नाही. आता सगळं आलं, तीच काही येईना,” शेठ म्हणाले. “पासवर्ड समदे ह्या वहीत लिहिलेत बघा, ताई.”

मी वेबसाइट करून देण्याचं काम करते, म्हणून शेठनी बोलावलं होतं. वही हातात घेतली. पानं एकमेकांना चिकटलेली. नखानं हळूच एक सुटं केलं. ‘होस्टिंग’ (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) एवढा शब्द वाचता येत होता, त्यापुढे निळ्या शाईचा ओघळ.

घरी येऊन डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, नोंद तपासली तेव्हा कळलं की वही कोरडी असती तरी तिचा उपयोग नव्हता. डोमेनची मुदत जुलैच्या पहिल्या आठवड्यातच संपली होती, म्हणजे पुराच्या आधी. चार वर्षांपूर्वी ज्या मुलानं वेबसाइट करून दिली त्यानं डोमेन स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. मुदत संपत आल्याची सगळी पत्रं त्याच्या ईमेलवर गेली. शेठना त्यातलं एकही दिसायचं कारण नव्हतं.

डॉट कॉम नावाचं असं असतं: मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं. किती दिवस ते कंपनीगणिक बदलतं, जास्तीत जास्त ४५. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ, त्यात जादा पैसे भरले तरच नाव परत मिळतं. मग ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि त्यानंतर ते नाव जगातला कोणीही विकत घेऊ शकतो. आम्ही त्या ३० दिवसांत होतो, आणि त्यातलेही बरेच सरले होते.

त्या मुलाला शोधायला पाच दिवस गेले. जुना नंबर बंद. मिरजेत त्याची मावशी राहते एवढं शेठच्या दिवाणजींना आठवत होतं. मावशींकडून नवा नंबर मिळाला. तो बंगळुरूला नोकरीत होता. फोनवर सगळं ऐकून तो खरोखर कळवळला. ओटीपी जुन्या सिमवर जाणार होता, म्हणून त्यानं ओळखपत्र पाठवून, दोन दिवस पाठपुरावा करून खातं उघडून घेतलं. जादाचे साडेसात हजार शेठनी भरले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाव परत आलं.

त्या मुलानं कोणाला फसवलं नव्हतं. स्वतंत्रपणे काम करून घर चालेना, म्हणून त्यानं नोकरी धरली, गाव सोडलं, नंबर बदलला. एवढंच. पण त्याच्या खिशात दुसऱ्यांच्या दुकानांच्या चाव्या राहून गेल्या होत्या.

त्या रात्री मी माझी यादी काढली. ११ ग्राहक. त्यातली ९ डोमेनं माझ्या खात्यात, माझ्या ईमेलवर, माझ्या मोबाइलवर.

नोकरी सोडून मला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. हिंजवडीतल्या एका कंपनीत सहा वर्षं काढली आणि आईच्या आजारपणात सांगलीला आले ती इथलीच झाले. निघताना सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवला होता. कंपनीबरोबर आरोग्यविमाही जाणार हे मात्र शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं. जे कोणी नोकरी सोडायच्या विचारात असतील त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते: राजीनाम्याआधी स्वतःची पॉलिसी काढा. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, आणि तो काळ पगार चालू असतानाच सुरू झालेला बरा.

डोमेनं माझ्या खात्यात का घेतली होती? सोयीचं होतं म्हणून. ग्राहकाला खातं काढायला लावा, त्याला ओटीपी विचारा, त्याचं कार्ड चालेना, तो लग्नाला गेलेला. त्यापेक्षा मीच पैसे भरून बिलात लावायचे. आणि खरं सांगायचं तर मनाच्या कोपऱ्यात आणखी एक गोष्ट होती. डोमेन आपल्याकडे असलं की ग्राहक कुठे जात नाही. आमच्या धंद्यात हे कोणी उघड बोलत नाही, पण पुष्कळांचा निम्मा धंदा ह्याच गाठीवर टिकून आहे.

गाठ सोडवायला दोन महिने लागले. प्रत्येकाकडे जाऊन बसले. त्यांच्या ईमेलवर खातं, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी, मग डोमेन माझ्या खात्यातून त्यांच्या खात्यात. दोघांनी साफ नकार दिला. “तुमच्याकडंच राहू द्या की मॅडम, आम्हाला त्यातलं काय कळतंय?” विश्वासानं म्हणत होते, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं. त्यांना मी शेठच्या वहीची गोष्ट सांगितली. पूर सगळ्यांनीच पाहिला होता, पटायला वेळ लागला नाही.

डोमेन हातात आल्यावर एक ग्राहक दोन महिन्यांत दुसरीकडे गेला. स्वस्तात मिळालं म्हणून. मला वाईट वाटलं, पण त्याला जाता आलं हे बरोबरच झालं.

पुढे २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला की कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी ग्राहकाची रीतसर संमती नोंदवलेली हवी. नियम चांगलाच आहे, पण परदेशी कंपन्यांकडे लावून ठेवलेली कित्येक आपोआप नूतनीकरणं त्या महिन्यात अडकली. माझ्या दोन ग्राहकांची अडकली. तेव्हापासून सगळ्यांच्या मुदती मी एका कागदावर तारीखवार लिहून टेबलासमोर चिकटवते, आणि ४५ दिवस आधी फोन करते. संदेश पाठवून भागत नाही. फोनच करते.

पैशाचं ठरवणं ह्याच सुमाराला आलं. पहिली वेबसाइट मी १२,००० रुपयांना केली होती. तासांची नोंद ठेवायची सवय कंपनीतली, म्हणून पुढे हिशेब केला तर ९० तास भरले. तासाला १३३ रुपये. त्यातही वेबसाइट झाल्यानंतरचे ‘एवढं जरा बदलून द्या’वाले फोन धरले नव्हते. दर वाढवणं सोपं होतं. अवघड होतं ते देखभालीचे वर्षाचे पैसे मागणं. एकदा घर बांधून दिलं की गवंड्याला कोणी दरवर्षी पैसे देतं का, असा प्रश्न यायचा आणि मला उत्तर सुचायचं नाही.

उत्तर शेठनी दिलं. त्यांची वेबसाइट मी नव्यानं वर्डप्रेसमध्ये, म्हणजे कोड न लिहिता मजकूर बदलता येतो अशा तयार प्रणालीत, केली होती, कारण रोजचे भाव त्यांची सून बदलणार होती आणि तिला मोबाइलवरून चार ठिकाणी बोट लावून काम व्हायला हवं होतं. मी त्यांना सांगत होते की वर्डप्रेस, त्याची प्लगइनं म्हणजे जोडभाग, ते ज्या भाषेवर चालतं ते सर्व्हरवरचं पीएचपी, ह्या सगळ्याच्या नव्या आवृत्त्या येत राहतात. वेळच्या वेळी बदललं नाही तर भोकं पडतात, आणि आंधळेपणानं बदललं तर पान मोडतं. आधी प्रत घ्यायची, मग बाजूला लावून बघायचं, मग खऱ्या ठिकाणी. शेठ ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे बागेची छाटणीच की हो! एप्रिलात खरड, ऑक्टोबरात फळछाटणी. नाही केली तर वेल काय मरत नाही, पण घड धरत नाही.” त्या दिवसापासून द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येक ग्राहकाला मी हेच सांगते, आणि देखभालीची दोन मोठी कामंही एप्रिल आणि ऑक्टोबरात धरते. लोक पैसे देताना ‘छाटणीचे घ्या’ असं म्हणतात.

वर्डप्रेस की हातानं लिहिलेला कोड, हा वाद आमच्यात कायम चालतो. माझं म्हणणं साधं आहे. ती वेबसाइट उद्या कोण सांभाळणार आहे त्याच्याकडे बघून ठरवावं. शेठच्या सुनेला वर्डप्रेस लागतं. वाचनालयाला लागत नव्हतं.

वाचनालयाचं काम २०२१ मध्ये आलं. आमच्या भागातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, पुस्तकं १८,००० च्या आसपास. टाळेबंदीत वाचकांचं येणं तुटलं होतं, आणि निदान पुस्तकांची सूची तरी लोकांना घरबसल्या बघता यावी असं कार्यकारिणीच्या मनात होतं. तीन दरपत्रकं मागवली गेली. माझं मधलं होतं. ग्रंथपाल ताईंनी नंतर सांगितलं की मी एकटीच आधी येऊन नोंदवही उघडून बसले होते.

सूची संगणकावर होती, पण ती श्रीलिपी ह्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. पंधरा-वीस वर्षांत चार जणांनी केलेली. ज्यांनी त्या काळातलं मराठी टायपिंग केलंय त्यांना कळेल. तो फॉन्ट संगणकावर असेल तोवर सगळं सुरेख दिसतं, आणि तोच मजकूर ब्राउझरमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा. कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं आतून इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, न्यायचं म्हणजे एकेक चिन्ह ओळखून बदलायचं. तेही सरळ नाही. ‘किल्ला’ लिहिताना जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी टाइप होते, कारण डोळ्याला ती आधी दिसते; युनिकोडमध्ये मात्र ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. ‘वर्ष’मधला रफार जुन्यात ‘ष’च्या नंतर येतो, नव्यात ‘ष’च्या आधी. म्हणजे प्रोग्रामनं वेलांट्या मागे ढकलायच्या आणि रफार पुढे आणायचे, जोडाक्षरं न मोडता.

प्रोग्राम लिहायला तीन आठवडे लागले, तपासायला तीन महिने. मी २००-२०० नावं छापून न्यायची, ग्रंथपाल ताई मूळ दाखल नोंदवही उघडून लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या. पंखा बंद ठेवायचा, कारण नोंदवहीची पानं तुटायला आलेली. सुरुवातीला पानावर तीस-चाळीस खुणा असायच्या. एका दुपारी पान कोरं परत आलं. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. बोलल्या काही नाहीत, आतून चहा सांगितला.

मग शोध चालेना. ‘दुसऱ्या’ असा शब्द टाकला की काही पुस्तकं यायची, काही नाही. पडद्यावर सगळी सारखीच दिसत होती. दोन रात्री घालवल्यावर सापडलं: ह्यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक नुक्तेवाल्या ‘ऱ’नं, एक साध्या ‘र’ला हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. दिसायला एक, संगणकाला दोन. ‘ॲ’चंही तेच, एकसंध अक्षर वेगळं आणि ‘अ’वर चंद्र ठेवलेलं वेगळं. सगळं एका रूपात आणलं.

त्याहून मोठा पेच जुन्या पुस्तकांचा. १९६२ मध्ये मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असंच छापलेलं आहे. वाचक आज ‘नाव’ टाइप करणार आणि पुस्तक ‘नांव’मध्ये लपून बसणार. माझा पहिला विचार होता की सूचीतच नवं शुद्धलेखन करून टाकू. ताईंनी मान हलवली. “पुस्तकावर जे छापलंय तेच नोंदवहीत. ते आपण बदलायचं नाही.” त्या बरोबर होत्या. मग नावं जशीच्या तशी ठेवली, आणि शोधणारा भाग असा लिहिला की तो शोधताना अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ सोडून देतो. दाखवतो मात्र मूळ रूप. अलीकडे अशाच दुसऱ्या एका सूचीसाठी एआयची मदत घेतली तर त्यानं प्रोग्राम चटकन लिहून दिला, पण चाचणीसाठी दिलेल्या यादीतली जुनी नावं न विचारता आजच्या नियमानं ‘दुरुस्त’ करून टाकली. मी एआय वापरते, रोज वापरते. पण जी ओळ मला स्वतः वाचून समजत नाही आणि मोडली तर दुरुस्त करता येत नाही, ती ग्राहकाच्या वेबसाइटवर जात नाही, हे ठरवलेलं आहे. ताईंची लाल पेन्सिल समोर असती तर एआयच्या त्या यादीवर किती खुणा पडल्या असत्या ते मला माहीत आहे.

वाचनालयाची वेबसाइट मुद्दाम साध्या एचटीएमएलमध्ये केली. डेटाबेस नाही, प्लगइन नाही. पूर्ण सूची एका फाइलमध्ये, ती एकदा उतरली की शोध वाचकाच्याच मोबाइलवर चालतो. मराठी अक्षराला युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट लागतात, त्यामुळे फाइल दोन एमबीच्या वर गेली; दाबून पाठवली की पाव भागावर येते. दहा वर्षं कोणी हात लावला नाही तरी चालेल अशी वेबसाइट द्यायची, एवढंच डोक्यात होतं. वाचनालयाला पुढच्या वर्षी अनुदान वेळेवर येईल का हे त्यांनाच ठाऊक नसतं, त्यांच्या गळ्यात दरवर्षीचा खर्च बांधणं मला पटत नव्हतं.

एक बारीक गोष्ट राहिली. वाचनालयाच्या नावाचा मथळा मी आधी अक्षरांत थोडं अंतर टाकून केला होता, इंग्रजी वेबसाइटींवर करतात तसा. ताई पडद्याजवळ डोळे नेऊन म्हणाल्या, “शिरोरेघ तुटलीय.” खरंच तुटली होती. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळा तुकडा. आठ वर्षं हे काम करून ते मला दिसलं नव्हतं. आता रस्त्यानं जातानाही पाट्यांवरच्या तुटलेल्या रेघा दिसतात.

त्याच वर्षी एका शिक्षणसंस्थेचं काम केलं. संस्था मोठी, बिल ८५,००० चं, आगाऊ काही नाही. “आमच्याकडं पैसे बुडत नाहीत,” असं सांगितलं होतं. वेबसाइट जूनमध्ये सुरू झाली, प्रवेश त्यावरून झाले, आणि बिल ‘सहीला आहे’. दर पंधरा दिवसांनी जायचे. बाकावर बसायचे. शिपाईदादा पाणी आणून द्यायचे, त्यांनाही माझी कीव यायची. मार्चमध्ये पैसे मिळाले.

मधल्या काळात मी कायदा वाचला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. माझ्यासारख्या एकट्या माणसाची सेवाही ह्यात येते. पण त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, लागते, आणि ती काम घेण्याआधीच केलेली बरी. माझी नव्हती. पोर्टल २०२० च्या जुलैपासून चालू होतं, नोंदणी फुकट होती, आधार आणि पॅन पुरत होतं, आणि मी ती केली नव्हती. त्या संध्याकाळीच केली. आता माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असतो. २०२४ च्या एप्रिलपासून आयकरातही तरतूद आली की अशा उद्योगाला ह्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत हिशेबात धरता येत नाही. तेव्हापासून काही ठिकाणच्या लेखापालांचे मलाच फोन यायला लागले, “मॅडम, मार्चच्या आत तुमचं मोकळं करायचंय.”

संस्थेच्या त्या अनुभवानंतर वकिलांकडून दोन पानी करार करून घेतला. ४० टक्के सुरुवातीला, ४० टक्के तात्पुरत्या पत्त्यावर वेबसाइट दाखवल्यावर, २० टक्के खऱ्या नावावर चढवायच्या आधी. वकीलबाईंनीच एक गोष्ट दाखवली जी मला ठाऊक नव्हती. नोकरीत असताना लिहिलेला कोड कंपनीचा असतो, पण स्वतंत्रपणे काम करताना, उलट करार नसेल तर, भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार तो लिहिणाऱ्याचाच राहतो. ग्राहकानं सगळे पैसे दिले तरीही. मालकी द्यायची तर ते लेखी हवं, आणि लेखीत काळ घातला नाही तर फक्त पाच वर्षं, प्रदेश घातला नाही तर फक्त भारत असं धरलं जातं. शेठना तर हे स्वप्नातही आलं नसतं. आता करारात स्पष्ट आहे: शेवटचा हप्ता मिळाल्या दिवशी सगळं ग्राहकाचं, कायमचं, जगभर. वकीलबाईंनी विचारलं, “हे तुमच्या तोट्याचं आहे, ठाऊक आहे ना?” मला ते तोट्याचं वाटत नाही. लोकांनी आपल्या घरची वेबसाइट समजून पैसे दिलेले असतात.

एवढं सगळं करून माझा समज झाला होता की आपण आता नीट बांधून घेतलंय. २०२३ च्या जानेवारीत माझं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. अचानक, रात्री. फोन चार दिवस बंद. पीएचपी ७.४ ला २०२२ च्या नोव्हेंबरअखेर सुरक्षेचा आधार मिळणं थांबलं होतं, आणि एका होस्टिंग कंपनीनं नेमकं त्याच आठवड्यात आपले सर्व्हर ८ वर नेले. ते मला माहीत होतं, माझ्या कागदावर त्या शनिवारची तारीख लिहिलेली होती. माझ्या एका रोपवाटिकेच्या वेबसाइटवर गॅलरीसाठी एक जुनं प्लगइन होतं, त्यात पीएचपी ८ नं काढून टाकलेलं एक फंक्शन वापरलेलं. पांढरं पान आणि त्यावर गंभीर त्रुटीची एक ओळ.

रोपवाटिकेच्या काकांकडे चाव्या होत्या. सगळ्या. डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस, मी स्वतः लिहून दिलेल्या. ते मला भेटायला दवाखान्यात आले तेव्हा तो कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. “पासवर्ड आहेत, पण कुठल्या दारात कुठली किल्ली घालायची ते कळंना,” म्हणाले. “तुम्ही बऱ्या व्हा, मग बघू.” कलमांच्या ऑर्डरीचे दिवस होते आणि ते मला बऱ्या व्हा म्हणत होते. मी कुशीवर वळून भावाच्या फोनवरून कोल्हापूरच्या एका मैत्रिणीला लावला, तीही माझ्यासारखीच एकटी काम करणारी. तिनं अर्ध्या तासात ते प्लगइन बंद केलं आणि पान उभं राहिलं.

त्यातून दोन गोष्टी झाल्या. त्या मैत्रिणीशी लेखी ठरलं की एकमेकींच्या अडचणीला उभं राहायचं. तिच्या ग्राहकांची यादी माझ्याकडे, माझी तिच्याकडे, ग्राहकांना विचारून. आणि लखोटा आला.

लखोट्यात चार पानं असतात. छापील, मोठ्या अक्षरात, मराठीत. कुठलं खातं कशासाठी. पैसे कोणत्या महिन्यात, साधारण किती. वेबसाइट बंद दिसली तर आधी काय बघायचं, मग काय. प्रत कुठे ठेवली आहे आणि ती परत कशी लावायची. माझ्याशिवाय आणखी कोणाला फोन करायचा. पासवर्ड त्यात नसतात. ते वेगळे, ग्राहक ठेवेल तिथे. लिहायला एका ग्राहकामागे पूर्ण एक दिवस जातो, आणि लिहून झाल्यावर मी तो घरातल्या कोणाला तरी वाचायला देते. आईला एखादी पायरी कळली नाही तर ती पायरी पुन्हा लिहायची.

वाचनालयाचा लखोटा द्यायला गेले तेव्हा ताईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “हे टेबलाच्या खणात गेलं तर वर्षात हरवेल,” म्हणाल्या, आणि दाखल नोंदवही पुढे ओढली. तारीख, दाखल क्रमांक, नाव. लेखकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. विषयाच्या रकान्याशी थोडं थांबल्या, वर्गीकरणाची पुस्तिका काढली, आणि ००५ लिहिलं, संगणक-प्रोग्रामचा आकडा. मग पाकिटाच्या पाठीवर वाचनालयाचा शिक्का मारला, क्रमांकाची चिठ्ठी डकवली आणि लखोटा संदर्भग्रंथांच्या कपाटात उभा ठेवला.

ताई गेल्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. जुलैत एका अनोळखी नंबरवरून फोन आला. नवे ग्रंथपाल. आवाजावरून तरुण वाटले.

“मॅडम, आम्ही ग्रंथगणना करतोय. संदर्भाच्या कपाटात एक बंद लखोटा आहे. दाखल क्रमांक आहे, लेखक म्हणून तुमचं नाव आहे. उघडू का?”

“उघडा,” मी म्हटलं. “तुमच्यासाठीच आहे.”

फोन चालूच होता. पाकीट फाडल्याचा आवाज आला, कागद उलगडल्याचा आला. मग त्यांनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली:

“‘ही वेबसाइट वाचनालयाची आहे. ती कशी सांभाळायची ते पुढे लिहिलं आहे.’”

“पुढं वाचा,” मी म्हटलं, आणि ते वाचत राहिले.